टोपणनाव : ढाल की आडोसा?

गेल्या वर्षी आपल्या मंडळाच्या हस्तलिखितासाठी मजकूर मागवला, तेव्हा पेटीत दोन लिफाफे असे निघाले की, त्यांवर पाठवणारीचे नाव नव्हते. पहिल्यात तीन पाने होती. रोजच्या भाजीच्या पैशांचा हिशेब रात्री नवऱ्यापुढे कसा मांडावा लागतो, माहेरी फोन करायचा तरी आधी कसे विचारावे लागते, हे एका भगिनीने साध्या शब्दांत लिहिले होते. त्यात ना नवऱ्याचे नाव होते, ना सासूचे, ना गल्लीचे. खाली सही होती, 'एक भगिनी'. दुसऱ्या लिफाफ्यात अवघ्या चार ओळी होत्या. हळदीकुंकवाच्या वर्गणीत घोळ झाला आहे, असे त्यांत म्हटले होते आणि तो कोणी केला ते नावानिशी लिहिले होते. खाली सही होती, 'एक हितचिंतक'.

कार्यकारिणीत यावर बराच खल झाला. एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, "जिला सही करायची हिंमत नाही, तिने लिहूच नये." दुसऱ्या म्हणाल्या, "अहो, सही केली तर त्या बाईला त्या घरात राहता येईल का?" निर्णय होईना, म्हणून दोन्ही लिफाफे बाजूला ठेवले. पण चार ओळींची ती बातमी बाहेर जायची थोडीच राहते! जिच्यावर आरोप होता त्या बाईंच्या कानी ती गेली आणि त्यांनी मंडळात येणे सोडले. पुढे हिशेब तपासले, ते पैशापैशाने बरोबर निघाले. त्या बाई मात्र अजून परत आलेल्या नाहीत. आणि पहिला लिफाफा पाठवणारी? ती कदाचित आपल्यातच बसत असेल, आणि आपले लिखाण का आले नाही हे तिला विचारताही येत नसेल.

नाव झाकून लिहिणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात घोळत राहिला. उत्तर शोधण्यासाठी मी थोडे मागे गेले, आणि लक्षात आले की आपल्याकडे हा वाद आजचा नव्हे. मराठी माणसाच्या हाती छापील कागद आला, तेव्हापासूनचा तो आहे. आणि त्यात स्त्रियांचा वाटा फार मोठा आहे.

आरंभ मात्र एका पुरुषापासून करावा लागेल. १८४८ ते १८५० या काळात मुंबईच्या 'प्रभाकर' या भाऊ महाजनांच्या साप्ताहिकात 'लोकहितवादी' या सहीने पत्रे येऊ लागली. त्यांची संख्या शंभरावर गेली आणि 'शतपत्रे' म्हणून ती प्रसिद्ध झाली. ब्राह्मणांचा आळस, पोकळ पांडित्य, विधवांचे हाल, मुलींना न शिकवण्याची रूढी यांवर त्या पत्रांत कडक कोरडे ओढलेले होते. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख स्वतः ब्राह्मण होते, ऐन पंचविशीतले होते, आणि सरकारी नोकरीत होते. घरचे, जातीचे आणि कचेरीचे असे तीन धाक डोक्यावर असताना हे लिहायचे, तर नाव झाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्यांनी 'अमुक गृहस्थ असा आहे' असे लिहिले नाही. 'आपण सारे असे आहोत' असे लिहिले. कोरडा स्वतःच्या पाठीवरही बसत होता. शिवाय त्यांनी एकच सही शेवटपर्यंत चालवली. आज एक सही, उद्या दुसरी, असे केले नाही. त्यामुळे त्या टोपणनावालाच एक चारित्र्य आले. गेल्या पत्रात काय म्हटले होते, हे वाचक पुढच्या पत्रात विचारू शकत होता.

निनावी आणि टोपणनावी यांतला भेद नेमका येथे आहे. निनावी चिठ्ठीला मागचा-पुढचा दिवस नसतो. टोपणनावाला मात्र काही काळाने अब्रू येते, आणि जिथे अब्रू आहे तिथे ती सांभाळण्याची काळजीही आलीच.

आता स्त्रियांकडे येऊ. १८८२ साली पुण्यात एक लहानसे पुस्तक छापले गेले, 'स्त्रीपुरुषतुलना'. लेखिका बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. निमित्त सुरतेकडच्या एका खटल्याचे होते. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल आधी फाशीची आणि मग काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि त्यावरून वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीलाच दूषणे देण्याचा सपाटा सुरू झाला. ताराबाई चिडून उठल्या. जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत काय, असा त्यांचा रोकडा सवाल होता. हे सारे त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले. कुठलाही आडोसा घेतला नाही. टीका व्हायची ती झाली. जोतीराव फुल्यांनी १८८५ साली 'सत्सार'च्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली, एवढाच काय तो आधार. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आढळत नाही. त्यांचे हे एकुलते एक पुस्तकही विस्मरणात गेले होते, ते स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा छापले, तेव्हा कुठे आपल्याला कळले की अशी कोणी एक बाई होऊन गेली.

ताराबाईंच्या धैर्यापुढे मान लवते. पण ज्या समाजात नावानिशी बोलणाऱ्या बाईच्या वाट्याला हे येते, तिथे दुसरीने नाव झाकले तर तिला भित्री म्हणायचे का?

ही दुसरी बाई फार दूरची नाही. ताराबाईंच्या पुस्तकाला तीन वर्षे होत आली होती. २६ जून १८८५ रोजी मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त इंग्रजीतून एक लांबलचक पत्र आले. खाली सही होती, 'एक हिंदू स्त्री'. विषय बालविवाहाचा. बेहरामजी मलबारी यांनी आदल्या वर्षी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढून देशभर खळबळ उडवून दिली होती, पण त्या चर्चेत बोलणारे बहुतेक पुरुषच होते. ज्यांच्याविषयी चर्चा चालली होती, त्यांच्यातली एक प्रथमच बोलू लागली. लहानपणी झालेल्या लग्नाने माझ्या आयुष्याचे सुख कसे नासले, मला प्राणाहून प्रिय असलेल्या विद्येच्या आड ते कसे आले, हे तिने लिहिले. सप्टेंबरात तिचे दुसरे पत्र आले. ते विधवांच्या स्थितीवर होते.

ही 'हिंदू स्त्री' म्हणजे रखमाबाई. वय तेव्हा एकवीस वर्षांच्या आसपास. वडील लहानपणीच वारले होते. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि या सावत्र वडिलांच्या घरी मुलीला वाचनाची गोडी लागली. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिलेले होते, पण ती सासरी नांदायला गेली नाही. १८८४ साली दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. म्हणजे पत्रे छापली गेली तेव्हा खटला कोर्टात उभा होता!

आता येथे जरा थांबले पाहिजे, कारण खरा नीतीचा पेच येथेच आहे. जिचा स्वतःचा दावा न्यायाधीशापुढे चालू आहे, तिने त्याच विषयावर नाव झाकून वर्तमानपत्रात लिहावे काय? वाचकाला वाटणार, ही कोणी तटस्थ बाई बोलते आहे. आणि बोलणारी तर पक्षकार! पुढे 'हिंदू स्त्री' कोण हे उघड झाले, तेव्हा तिच्या विरोधकांनी ते चवीने चघळले. आक्षेप अगदीच पोकळ आहे असे मला म्हणता येत नाही. लिहिणाऱ्याचा ज्यात स्वार्थ गुंतला आहे, ते वाचकापासून लपवणे हा टोपणनावाचा मोठा धोका आहे. दुकानदाराने गिऱ्हाईक बनून स्वतःच्याच मालाची तारीफ करावी, त्यातला हा प्रकार होऊ शकतो.

परंतु रखमाबाईंची पत्रे या कसोटीवर घासून पाहा. 'मी तटस्थ आहे' असे त्यांनी कोठेही भासवले नाही. उलट, मी स्वतः या रूढीत भाजलेली आहे, हेच सांगून त्यांनी सुरुवात केली. लपवले ते फक्त नाव. दुःख लपवले नाही, बाजूही लपवली नाही. नवऱ्याची बदनामी करून कोर्टात काही पदरात पाडून घ्यावे, असाही तो प्रयत्न नव्हता. झोड उठवली होती ती रूढीवर. आणि 'एक हिंदू स्त्री' या सहीचा एक वेगळाच परिणाम झाला. रखमाबाई म्हणून लिहिले असते, तर लोक म्हणाले असते, 'ती का, खटल्यातली?' आणि पान उलटले असते. 'एक हिंदू स्त्री' म्हटल्यावर ती कोणाच्याही घरची असू शकत होती. वाचणाऱ्याच्या माजघरातलीही!

पुढची हकीकत पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. त्यावर काहूर उठले. 'नेटिव्ह ओपिनियन' आणि 'मराठा' यांसारखी पत्रे तुटून पडली. दादाजींनी अपील केले आणि खटला पुन्हा चालवायचा हुकूम झाला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलट निकाल दिला : एक महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात बसा. रखमाबाईंनी उत्तर दिले की, मी तुरुंगात जाईन.

माझ्या दृष्टीने त्या टोपणनावाचा न्याय येथे झाला. नाव झाकणारी बाई भित्री असती, तर ती या क्षणी गप्प बसली असती. उलट, आता तिने पदर बाजूला केला. त्याच वर्षी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये तिचे पत्र आले ते रखमाबाई म्हणून. दादाजींनी आपली बाजू छापून काढली आणि तीत तिच्या माहेरच्या माणसांवर दोष ठेवला; त्याला तिने दिलेले जाहीर उत्तरही स्वतःच्याच नावाने होते. जोवर विषय सगळ्यांचा होता, तोवर ती 'एक हिंदू स्त्री' होती. जिथे एका विशिष्ट माणसाला उत्तर द्यायचे होते, तिथे ती रखमाबाई झाली. ही नीती तिला कोणी शिकवली होती का, मला माहीत नाही. पण याहून चांगली नीती मला तरी सांगता येणार नाही.

१८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड होऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. १८८९ साली रखमाबाई लंडनला वैद्यक शिकायला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी जन्मभर स्त्रियांची शुश्रूषा केली. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. त्यामागे इतर कारणे होती, तशी या खटल्याने पेटलेली चर्चाही होती. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, एक्याण्णवाव्या वर्षाच्या सुमारास, त्या मुंबईत वारल्या.

झाकलेले नाव दुसऱ्याने उघडे पाडणे, ही या प्रश्नाची दुसरी बाजू आहे. नाव छापणे म्हणजे नेहमी सत्याची सेवाच, असे समजणे बरोबर नाही. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी एका कार्यक्रमाला गेली होती. तिथे चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी घेतली, कोणी नुसती हातात धरली. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी त्या मंडळींची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली. त्यावरून ग्रामण्य उभे राहिले. रानडे, टिळक असे थोर लोक त्यात सापडले. पुढे रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले, त्याने घरात किती क्लेश झाले हे रमाबाईंच्या आठवणी वाचलेल्या भगिनींना सांगायला नको. छापलेली नावे खरी होती. खोटे त्यात काहीच नव्हते. पण ती छापली होती ती माणसांना चव्हाट्यावर आणण्यासाठी. नाव हे कधी कधी काठीसारखे वापरता येते, एवढे यातून दिसते.

आता आपल्या आजी-पणजींच्या काळातली गोष्ट. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' नावाचा कथासंग्रह निघाला. लेखिका 'विभावरी शिरूरकर'. प्रकाशक ह. वि. मोटे. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्नाचे वय उलटून चाललेल्या मध्यमवर्गी मुली. त्यांच्या पगारावर चालणारी घरे, आणि म्हणूनच त्यांच्या लग्नाची फारशी घाई नसलेले आईबाप. त्या मुलींच्या मनातल्या इच्छा. हे सारे प्रथमच मराठीत इतक्या उघडपणे आले. पाठोपाठ 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. तिची नायिका अचला नवऱ्याने टाकलेली, आणि ती दुसऱ्या पुरुषाबरोबर, विवाहावाचून, मातृत्वाची वाट धरते. झाले! महाराष्ट्रभर गदारोळ उठला. ही विभावरी कोण? अमकी असेल, तमकी असेल. काही तर म्हणत, छे, हे बाईचे लिखाणच नव्हे, कोणी पुरुषच बाईचे नाव घेऊन लिहितो आहे! बाईला असे वाटू शकते यापेक्षा पुरुषाने सोंग घेतले हे मानणे लोकांना सोपे वाटत होते.

ती बाई होती बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर. पुण्यात महर्षी कर्व्यांच्या संस्थेच्या कन्याशाळेत त्या शिकवत होत्या. आता विचार करा. मुलींच्या शाळेतली अविवाहित शिक्षिका, आणि तिने हे लिहावे! नाव कळते तर नोकरी राहिली असती का? शाळेत मुली पाठवणारे पालक काय म्हणाले असते? पण मला याहून महत्त्वाचे कारण दुसरे वाटते. त्या कथांतल्या मुली लेखिकेच्या भोवतालच्या मुलींसारख्या होत्या. लेखिका कोण हे कळले असते, तर लोकांनी लगेच बोटे मोजायला सुरुवात केली असती : ही कथा कोणाची, आणि ती कोणाची? लेखिकेच्या पदराखाली त्या साऱ्याजणी झाकल्या गेल्या. आपल्या लक्षात हे येत नाही, की टोपणनाव पुष्कळदा लिहिणारीपेक्षा जिच्याविषयी लिहिले तिचे रक्षण करते.

या टोपणनावाच्या मागे कोणी उभे होते की नाही? होते. आपल्याकडे १८६७ साली छापखाने व पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक होते. लेखकाने खरे नाव द्यावे अशी सक्ती नव्हती. पण विचारायला कोणी आले, तर उत्तर देणारा माणूस पुस्तकावर उभा असला पाहिजे, एवढा त्याचा अर्थ. 'कळ्यांचे निःश्वास'वर विभावरी झाकलेली होती, परंतु मोटे उघडे होते. लोकांचे शिव्याशाप त्यांनी झेलले आणि नाव सांभाळले. फ्रान्सात १८५० साली उलट प्रयोग झाला होता. राजकीय, धार्मिक, तात्त्विक चर्चेच्या प्रत्येक लेखाखाली लेखकाची सही हवीच, असा तेथे कायदा करण्यात आला. मला वाटते, आपल्याकडची रीत अधिक शहाणपणाची होती. सगळ्यांनी नाव सांगावे असे नव्हे. पण कोणी तरी एकाने जबाबदारी घ्यावी, हे बरे.

नाव झाकण्याची किंमतही असते, हे सांगितल्यावाचून हा विचार पुरा होणार नाही. त्यासाठी एक परदेशातला दाखला देते. इंग्लंडात मेरियन इव्हान्स नावाची बाई 'जॉर्ज एलियट' या पुरुषी नावाने लिहीत असे. १८५९ साली तिची 'ॲडम बीड' कादंबरी गाजली, तेव्हा लेखक म्हणून लोकांनी तिच्याच मुलखातल्या लिगिन्स नावाच्या एका भलत्याच गृहस्थाचे नाव पुढे केले. गंमत अशी की, त्याने नाकारले नाही! त्याच्यासाठी वर्गणीही गोळा होऊ लागली. शेवटी त्या बाईला, मनात नसताना, आपण कोण ते उघड करावे लागले. रिकामी खुर्ची दिसली की कोणी तरी येऊन बसतोच. विभावरींच्या बाबतीतही अमक्यातमक्यांच्या नावांवर संशय गेले. निष्पाप माणसांना उगीच बोल लागले असतील. नाव झाकणाऱ्याने हाही हिशेब मनात धरला पाहिजे.

विभावरींचे खरे नाव पुढे लोकांना कळले. १९३८ साली त्यांचा विश्राम बेडेकरांशी विवाह झाला. पण त्यांनी ते टोपणनाव टाकून दिले नाही. सोलापूरकडे गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत त्यांनी काम केले, त्या अनुभवावरची 'बळी' १९५० साली आली, नंतर 'शबरी' १९५६ साली. दोन्हींवर नाव विभावरी शिरूरकर हेच. लपण्याची गरज उरली नव्हती, तरी ते नाव राहिले, कारण आता तो पडदा नव्हता, ती कमाई होती. १९८१ साली मुंबईत भरलेल्या समांतर साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. ज्या बाईला एके काळी तोंड लपवावे लागले, ती सर्वांसमोर व्यासपीठावर बसली. काळ तेवढा बदलला, हे खरे. तो बदलण्यात त्या झाकलेल्या नावाचा हातभार होता, हेही तितकेच खरे.

आता या सगळ्यातून आपल्या दोन लिफाफ्यांना काय उत्तर मिळते?

मला तीन प्रश्न विचारावेसे वाटतात. पहिला, लिहिले आहे ते कोणाविषयी? लोकहितवादींनी आपल्या समाजाविषयी लिहिले, रखमाबाईंनी रूढीविषयी, विभावरींनी एका पिढीच्या दुःखाविषयी. नाव झाकून कोणा एकीचे नाव उघडे केलेले नाही. जी दुसरीचे नाव घेते, तिने आपलेही दिले पाहिजे. कारण जिच्यावर आरोप आहे, तिला समोर कोण उभे आहे हे कळण्याचा हक्क आहे. अंधारातून दगड आला, तर तो कोणाकडे परत फेकायचा? दुसरा प्रश्न, मागे जबाबदार माणूस कोण? तिथे मोटे उभे होते. इथे कोण उभे राहणार? आणि तिसरा, वेळ आली तर लिहिणारी पुढे येईल का? रखमाबाई आल्या. सगळ्याच येऊ शकणार नाहीत, आणि तुरुंगाचा पर्याय पत्करण्याची अपेक्षा कोणी कोणाकडून करू नये. पण निदान आपण लिहिले ते उद्या नावानिशी वाचून दाखवायची पाळी आली, तर लाजेने मान खाली जाणार नाही, असे तरी ते असावे.

या कसोट्यांवर पहिला लिफाफा उतरतो. दुसरा उतरत नाही. हे दोन्ही लिफाफे आपण एकाच मापाने मोजले आणि दोन्ही बाजूला ठेवले, ही आपली चूक झाली असे मला आता वाटते. निनावीपणाच्या भीतीने आपण एका दुःखी बाईचे तोंड बंद केले. आणि निनावी आरोपाची कुजबुज मात्र पसरू दिली. म्हणजे उलटा न्याय! मी त्या वेळी कार्यकारिणीत होते, आणि मीही गप्प बसले, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

आपल्या हातून पुढे एवढे तरी घडावे. हस्तलिखितासाठी कोणी नाव न छापता लिहू इच्छीत असेल, तर तिने आपले नाव फक्त संपादिकेला सांगावे, आणि संपादिकेने ते स्वतःच्या नवऱ्यालाही सांगू नये. मजकुराची जबाबदारी संपादिकेची. कोणाविरुद्ध तक्रार असेल, तर ती हस्तलिखितात नव्हे, कार्यकारिणीपुढे आणि सहीने यावी. तक्रार करणारीला कोणी त्रास देणार नाही, हे आपण सर्वांनी मिळून पाहावे. आणि वाचणाऱ्या आपण? 'ही कोण असेल बरे?' हा खेळ आपण सोडून द्यावा. आज तर दुसरे नाव धारण करायला छापखाना आणि प्रकाशकही लागत नाही. एक बोट पुरते. तेव्हा प्रत्येकीला आपापली मोटे आणि आपापली संपादिका व्हावे लागणार आहे.

राहता राहिल्या त्या दोघी. ज्या बाई हिशेबाच्या खोट्या बोलामुळे येईनाशा झाल्या, त्यांच्या घरी वर्धापनदिनाचे आमंत्रण घेऊन जायचे आम्ही काहीजणींनी ठरवले आहे. हिशेबाची वहीही बरोबर नेणार आहोत, आणि झाल्या गोष्टीबद्दल क्षमा मागणार आहोत. आणि पहिल्या लिफाफ्यातल्या भगिनीला मला या पानावरूनच सांगायचे आहे : बाई गं, तुझी तीन पाने माझ्या कपाटात जपून ठेवली आहेत. तू कोण, हे मी विचारणार नाही. तुझा होकार आला, कसाही आला, तर पुढच्या हस्तलिखितात ती पहिल्या पानावर येतील. खाली सही तुझीच राहील, 'एक भगिनी'.